मैदानासाठी राखीव

सत्कार हा शब्द कानावर पडला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. नारळ दिसला की तो देवापुढे न फोडता कुणाच्या तरी टाळक्यात फोडावासा वाटतो. आई म्हणते, असं बोलू नये रे, गावाने प्रेमाने केलं होतं. प्रेमानेच केलं, मी कुठे नाही म्हणतोय! वैराने केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

खारघरचे टॉवर संपता संपता आमचं ओवे गाव लागतं. गावाच्या कडेला एक चौकोनी जागा आहे आणि तिथे पत्र्याची पाटी आहे, ‘मैदानासाठी राखीव’. मी शाळेत असताना तिथे सिमेंटचा कोबा झाला, दोन टोकांना लोखंडी खांब आले, फळ्या आल्या, आणि बास्केटबॉलच्या रिंगा बसवायला कोणी येईना म्हणून त्या माझ्या बाबांनीच बसवल्या. बाबा पनवेलच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. एकेका रिंगेला चार बोल्ट, आणि ते असे आवळलेले की पुढे मी ताडासारखा वाढलो, रिंगेला लोंबकळायला लागलो, तरी ती हू की चू करायची नाही.

उंचीवरून मी गावात पुष्कळ ऐकून घेतलंय. ‘ह्याला काय चारतेस गो, भात का युरिया?’ असं बायका आईला विचारायच्या. लग्नाचा विषय निघाला की, ‘शिडी लावून गल्यात माल घालनारी पोरगी शोधा.’ मला राग यायचा, पण बॉल घेऊन कोब्यावर उतरलो की तो निघून जायचा. उजव्या कोपऱ्यात, तीन गुणांच्या म्हणजे थ्रीच्या रेषेबाहेर, कोब्याला एक बारीक चीर गेली आहे. त्या चिरेवर पाय ठेवून मी वर्षानुवर्षं बॉल टाकले. पळण्यात मी बेताचा, अंगाने काटकुळा, धक्काबुक्कीत कोणीही मला बाजूला सारावं. पण कोपऱ्यातला थ्री माझा. त्याच्या जोरावर मी जिल्ह्यातून राज्यात गेलो आणि राज्यातून भारताच्या संघात.

संघात बारा जण असतात. त्यातले सातआठ खेळतात, बाकीच्यांना राखीव म्हणतात. मी राखीव होतो. बाबांना फोनवर तसं सांगितलं तर ते म्हणाले, ‘म्हंजे आपल्या मैदानावानी.’ मी हसलो. ते हसले नाहीत.

आशिया चषकात आपल्याला कोणी पाटावर बसवून वाढत नाही. आधी पात्रता फेरी खेळावी लागते. नोव्हेंबरात दोन सामने, मग फेब्रुवारीत दोन, आणि मधले महिने ज्याने त्याने आपापल्या घरी जाऊन सराव करायचा. नोव्हेंबरचा पहिला सामना मी परदेशात जाऊन बाकावर बसून काढला. टॉवेल द्या, पाणी द्या, टाळ्या वाजवा. दुसऱ्यात आम्ही इतके मागे पडलो की शेवटी शेवटी प्रशिक्षकांनी मलाही आत ढकललं, उशिरा आलेल्याच्या हातावर उरलेला प्रसाद टेकवावा तसं. मी सरळ माझ्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. बॉल आला, टाकला, गेला. परत आला, परत गेला. सामना हरलोच, पण शर्टावर देशाचं नाव असताना ते दोन बॉल जाळीतून गेले, आणि त्या क्षणी मला जे वाटलं ते मी अजून कुणाला धड सांगू शकलेलो नाही.

प्रशिक्षक उत्तरेकडचे होते, मोजकं बोलणारे. हॉटेलच्या जेवणाच्या रांगेत माझ्या मागे उभे होते. म्हणाले, ‘फरवरी में तू कॉर्नर में खड़ा रहेगा. बॉल तेरे पास आएगा. डालेगा तो टीम में जगह पक्की. नहीं तो मेरे पास और लड़के हैं.’ आयुष्यात इतकं स्पष्ट मला कोणीच सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीपर्यंत रोज त्या चिरेवर उभं राहायचं आणि बॉल टाकत राहायचं, एवढंच काम होतं. संघातल्या बहुतेकांना सरकारी नोकरी, खात्याचा हॉल, चकचकीत लाकडी जमीन. मी उरण रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डात पाळीवर काम करायचो. मला माझा कोबा होता. मला तेवढा पुरे होता.

पनवेल स्टेशनवरून रिक्षाने येताना चौकात सिग्नलला थांबलो आणि वर पाहतो तर माझं थोबाड! विजेच्या खांबाला फ्लेक्स. वर नेत्यांचे भले मोठे चेहरे, मध्ये गॉगल लावलेले माझे चुलतकाका, आणि खाली कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोएवढा मी. ‘ओवे गावचा ढाण्या वाघ आशिया चषकास पात्र ठरल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: भावी नगरसेवक’. हे भावी नगरसेवक म्हणजेच काका. बिल्डरांना रेती-खडी पुरवतात. मला कळायला लागल्यापासून ते भावीच आहेत.

घरी पोचलो तर काका आमच्या ओटीवरच बसलेले. मी पाया पडलो आणि म्हटलं, ‘काका, आम्ही पात्र नाही ठरलो अजून. पात्रता फेरी चालू आहे. दोन्ही सामने हरलोय.’

‘आरं बाला,’ काका म्हणाले, ‘पात्रतामधला एक ता कमी जाला त काय जाला? एवडं कोन वाचतंय! परवा तुजा सत्कार हाय. सायेब येनार हायत. मांडव घातलाय मैदानावर.’

बॅग तशीच टाकून मैदानावर गेलो. अख्ख्या कोब्यावर मांडव उभा होता. लोखंडी पाइप रोवायला सिमेंटमध्ये ड्रिलने भोकं पाडली होती. माझ्या बाजूच्या रिंगेखाली स्टेज होतं, आणि रिंग नव्हती. स्टेजच्या मागच्या फ्लेक्सला ती आड येत होती म्हणून गॅस कटर लावून कापली होती. फळीवर नुसते लोखंडाचे दोन काळे खुंट राहिले होते. आणि त्या खुंटांवर मी. मोठा मी, दहा फुटी, बॉल हातात घेऊन हसत उभा.

बाबा मागून आले होते. त्यांनी वर बघितलं आणि एवढंच म्हणाले, ‘चार बोल्ट व्हते. माज्याकडं पाना मागितला असता त मी काडून दिली असती.’

मी काकांवर ओरडलो. खोटं कशाला सांगू, नाही नाही ते बोललो. काका जराही चिडले नाहीत. माझ्या पाठीवर हात ठेवायला जेमतेम पुरले, पण ठेवला. ‘बाला, तुज्याच सत्काराला काडलीय ना? का कोना दुसऱ्याच्या? आठ दिवसांत वेल्डिंग करून देतो. पयल्यापेक्षा पक्की.’ भोवतीची माणसं माझ्याकडे अशी बघत होती की एवढं सगळं याच्यासाठी चाललंय आणि याचंच तोंड वाकडं.

सत्कार झाला. ढोल-ताशे, फेटा, शाल, नारळ, पुन्हा शाल, पुन्हा नारळ. साहेब उशिरा आले. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्यावर त्यांनी कानात विचारलं, ‘गोल किती केलेस?’ मी म्हटलं, ‘दोन.’ काय समजावत बसणार? भाषणात ते म्हणाले की या पोराने देशासाठी दोन गोल केले, आणि अशी मुलं घडावीत म्हणून या राखीव जागेवर भव्य स्टेडियम उभं करू. टाळ्यांनी मांडव दणाणला. माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वेळी माझी कापलेली रिंग स्टेजच्या मागे गवतात पडली होती. मी शालींच्या ढिगाखाली घामाघूम होऊन त्या चिरेचा विचार करत होतो. ती स्टेजच्या बरोबर खाली होती.

दुसऱ्या दिवशी मांडव उतरेल असं मला वाटलं. वाटलं, म्हणजे मी गावातला असून मला अक्कल नव्हती. लग्नसराई तोंडावर. आणि आमच्यात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. गावजेवण, डीजे, पहाटेपर्यंत नाच. काकांच्या मेव्हण्याच्या मुलीची हळद होती. ‘मांडव हुबाच हाय, त तेवडी उरकून घेऊ,’ काका म्हणाले. ती उरकली. मग खालच्या आळीतल्या एकाने विचारलं, त्यांनाच का, आम्ही काय पाप केलंय? त्यांची उरकली. मग वरच्या आळीची. एका मांडवात अवघं गाव पिवळं होत गेलं. मांडववाल्याचीही तक्रार नव्हती. गोदामात ठेवण्यापेक्षा उभा काय वाईट?

प्रत्येक हळदीचं पहिलं आमंत्रण मला. जाऊ नये तर आईला ऐकावं लागायचं, पोरगा भारतात गेला नि गाव विसरला. गेलो की नाचावं लागायचं. एकदा असाच मटणाच्या टोपाजवळ उभा होतो. खाली बघतो तर टोप कलंडू नये म्हणून त्याच्याखाली गोल लोखंड घातलेलं. धुराने काळं पडलेलं, पण मी ओळखणार नाही का? ‘काकी,’ मी म्हटलं, ‘ही रिंग आहे.’ डावाने रस्सा ढवळत काकी म्हणाली, ‘व्हय का? आडनी मस्त जालीय बग. अजाबात हलत नाय.’

सराव कुठे करायचा? खारघरमध्ये एका टॉवरच्या आवारात निळ्या-लाल रंगाचं सुरेख कोर्ट आहे. त्या जागेवर आमच्या आजोबांचं भाताचं शेत होतं. आता तिथे कोणी खेळतही नाही, संध्याकाळी बाया गोल गोल फिरतात. गेटवरच्या वॉचमनने माझ्याकडे निरखून पाहिलं. ‘आपका ही फोटो लगा है ना चौक में?’ मी छाती काढून म्हटलं, हो. म्हणाला, ‘बहुत अच्छा. लेकिन बाहरवालों को अलाउड नहीं है.’ त्याचा काय दोष? त्याला नोकरी टिकवायची होती.

शेवटी पनवेलमध्ये माझी जुनी शाळा. तिथल्या शिपायाच्या हातापाया पडून शाळा भरायच्या आधी तासभर आत जायचो. मागे भिंत, पुढे पार्किंग, आणि रिंग मुलांनी लोंबकळून पुढे वाकवलेली. वाकलेल्या रिंगेत बॉल टाकायचा तर हात जरा आखडावा लागतो. मला कळत होतं की हात बिघडतोय. दात दुखतोय हे माहीत असून चावत राहावं, तसं मी रोज टाकत होतो. काकांना रोज विचारायचो, मांडव कधी उतरणार? ‘आठ दिवसांत, बाला.’ आमच्या गावाचे आठ दिवस म्हणजे देवाघरचे दिवस.

फेब्रुवारी उजाडला. या वेळचे सामने आपल्या देशातच होते. निघायच्या दिवशी काका स्टेशनपर्यंत सोडायला आले. म्हणाले, ‘तू बिनधास खेल. आमी मांडवात पडदा लावतोय. सगला गाव बगनार.’ म्हणजे ज्या कोब्यावर मी बॉल टाकायचा त्यावर खुर्च्या मांडून गाव मला बॉल टाकताना बघणार होतं.

पहिल्या सामन्यात प्रशिक्षकांनी मला दुसऱ्या सत्रातच उतरवलं. माणूस शब्दाचा पक्का. मी कोपऱ्यात उभा राहिलो. बॉल आला. समोर कोणी नाही, मोकळा, लहान पोराने टाकावा इतका मोकळा. हात उचलला आणि बॉल सुटता सुटताच समजलं, आखडलाय. रिंगेच्या पुढच्या कडेला लागून तो माझ्याकडेच परत आला. दुसराही तसाच. तिसऱ्यांदा बॉल आला तेव्हा मी तो टाकलाच नाही, दुसऱ्याला देऊन मोकळा झालो, आणि बाकावरचा एक जण अंगातलं जाकीट काढायला लागला. तो माझ्या जागी आत आला. दुसऱ्या सामन्यात मी उठलोच नाही. दोन्ही हरलो. प्रशिक्षक मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

अजून एक दरवाजा उघडा होता. उरलेल्या संघांची मार्चमध्ये शेवटची एक स्पर्धा. तिथे जिंकलं तर आशियात. त्या बारा जणांत माझं नाव नव्हतं. फोन आला, दोन वाक्यांत संपला.

गावात आल्यावर तोंड लपवत फिरलो नाही, पण लपवावंसं वाटत होतं. चहाच्या टपरीवर ज्याने सत्काराला माझ्या डोक्यावर फेटा बांधला त्याच माणसाने मला सगळ्यांदेखत विचारलं, ‘काय रं, एवडा सत्कार केला तुजा, नि येक बॉल टाकता आला नाय?’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ग्लास ठेवला आणि म्हटलं, ‘दादूस, बॉल टाकायची जागा तुम्ही हळदीने सारवलीत.’ सगळे हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

मार्चमधले सामने मी घरी मोबाइलवर बघितले. संघ जिंकला. माझ्या कोपऱ्यात दुसरा एक जण उभा होता आणि त्याने एकामागून एक टाकले. आपला संघ पात्र ठरला. मैदानात सगळे एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते. मला आनंद झाला का? नाही झाला. हरावेत असंच शेवटपर्यंत वाटत होतं, आणि ते वाटल्याची लाजही वाटत होती. फोन उशीखाली सारला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. चौकातला फ्लेक्स इतके दिवस खोटा होता. आता तो खरा झाला होता, आणि मीच त्यात खोटा होतो.

तोवर मुहूर्त संपले आणि मांडव एकदाचा उतरला. कोब्यावर भोकंच भोकं, माझ्या बाजूला रिकामी फळी. पण पलीकडच्या टोकाची रिंग शाबूत होती. तिच्याकडे मांडवाची मागची बाजू असल्याने ती वाचली होती. मी यार्डातून पाळी संपवून आलो की तिच्याखाली जायचो. तिकडच्या कोपऱ्यात चीर नाही, पण खडूने रेघ मारून घेतली. पुढच्या वर्षी पुन्हा निवड चाचणी होती. हात हळूहळू मोकळा व्हायला लागला होता. आईला तसं सांगितलंही.

आणि एका रविवारी काका पेढे घेऊन आले.

‘बाला, जालो ना आपन पात्र! मी त पयलंच लिवलं व्हतं!’

‘काका, मी नव्हतो संघात.’

‘आसं कसं? सुरवातीला व्हतास ना? सुरवात कोनी केली?’

‘मला काढून टाकलं. मी खेळलोच नाही. माझा सत्कार कसला करताय?’

‘गावातनं दुसरं कोन गेलाय का? मग तुजाच करनार. फोटो तयारच हाय.’ पेढा त्यांनी माझ्या तोंडापाशी धरला. ‘ह्या बारीला मोटे सायेब येनार हायत. येत्या आयतवारी. स्टेज तिकडच्या अंगाला घेतोय, गाड्या लावायला बरं पडतं. तेवडी तिकडची रिंग काडावी लागंल. वेल्डरला सांगून ठेवलाय मी.’

पेढा माझ्या तोंडात होता. मी बाबांकडे बघितलं. बाबा ओटीच्या कडेला बसले होते. ते उठले, आत गेले, आणि माळ्यावरची डेपोतली जुनी पिशवी घेऊन आले. पाना काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि परत जाऊन बसले.

मी शेजाऱ्यांची शिडी उचलली आणि भर दुपारी मैदानावर गेलो. ऊन रणरणत होतं, लोखंडाला हात लाववत नव्हता. बाबांनी आवळलेले बोल्ट. एकेकासाठी सगळं अंग पणाला लावावं लागलं. तळहाताची सालटी निघाली. चौथा बोल्ट सुटला तशी रिंग माझ्या खांद्यावर आली. ती घेऊन उतरलो. ती कुणाच्या टोपाखाली जाऊ देणार नव्हतो, एवढंच मला कळत होतं. आता इथे कोणी बॉल टाकू शकणार नाही, मीसुद्धा नाही, हे खाली उतरल्यावर कळलं.

काका पाटीजवळ सावलीत उभं राहून सगळं बघत होते. रिंग खांद्यावर घेऊन मी त्यांच्यासमोरून निघालो तेव्हा त्यांनी कौतुकाने मान हलवली.

‘बरं केलंस, बाला,’ ते म्हणाले, ‘वेल्डरची खेप वाचवलीस.’